एक नंबर गाडी कुठली?



२०२५ सालच्या पोळ्याला मी गावी, म्हणजे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या दापोऱ्याला गेलो होतो. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी असल्यानं वर्षातून तीन-चारदाच जाणं होतं. बैलांची पूजा झाली, पुरणपोळी झाली आणि दुपारी ओट्यावर बसलो असताना माझ्या मोठ्या चुलत भावानं, म्हणजे दादानं, विषय काढला.

"तू तिथं आकड्यांचंच काम करून राहिला ना? मंग मले एक सांग. सगळ्यात जास्त पिकअप कोन्ती विकते? जे लोक घेऊन राहिले तेच घेऊन टाकतो. आपल्याले झंझट नको."

मला वाटलं, हे दहा मिनिटांचं काम. मोबाइलवर शोधायचं आणि सांगून टाकायचं. प्रत्यक्षात त्या एका प्रश्नानं माझे तीन शनिवार-रविवार खाल्ले. त्यातून जे शिकलो ते इथे लिहितो आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी किंवा गावाकडे कुणी ना कुणी असा निर्णय घेत असतं आणि "घरातला शिकलेला" म्हणून फोन आपल्यालाच येतो.

प्रश्न साधा का नव्हता

आधी दादाची बाजू सांगतो. त्याची थोडी केळी आहे आणि जोडीला लोडिंग गाडीचा धंदा. शेतातून केळी बुऱ्हाणपूरला न्यायची, कधी सीमेपलीकडे रावेरकडे जायचं, येताना खताच्या गोण्या किंवा ठिबकच्या नळ्या आणायच्या. दिल्लीकडे जाणारा माल मोठ्या ट्रकांतून जातो, पण शेतापासून त्या ट्रकापर्यंतचा आणि आसपासच्या गावांचा रस्ता या छोट्या गाड्यांचाच असतो.

सात वर्षांपूर्वी त्यानं अशीच एक नवी गाडी घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. शोरूममधल्या माणसानं "गेल्या महिन्यात आम्हीच एक नंबर" म्हणत पेपरचं कात्रण दाखवलं होतं. ऐन कापणीत गाडी बंद पडली आणि एका सुट्या भागासाठी दादा बारा दिवस थांबला. ज्यांनी केळीची ट्रिप सांगितली होती ते दुसरीकडे गेले. कापलेला घड गाडीची वाट बघत नाही, आणि एकदा तुटलेलं गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. त्या वर्षी हप्ते भरायला काकूच्या पाटल्या बँकेत ठेवाव्या लागल्या. सोडवून आणल्या, पण काकू अजून तो विषय निघाला की उठून आत जाते.

म्हणून "एक नंबर कोण" या प्रश्नाचं उत्तर या वेळी बरोबर यायला हवं होतं.

टेम्पोपासून छोट्या हाथीपर्यंत

आकड्यांकडे जाण्याआधी थोडा इतिहास, कारण ही सगळी गोष्ट बरीचशी आपल्याच भागात घडलेली आहे.

आपण कुठल्याही लहान मालवाहू गाडीला सहज "टेम्पो" म्हणतो. खरं तर ते एका जर्मन कंपनीचं नाव. तिच्या सहकार्यानं फिरोदियांची बजाज टेम्पो कंपनी १९५८ साली उभी राहिली आणि तिच्या तीनचाकीमुळे ते नाव आपल्या भाषेतच शिरलं. पुढे मॅटाडोर आली. तीही इतकी रुळली की खेड्यात माणसं आणि माल नेणारी कुठलीही गाडी मॅटाडोरच. २००५ साली कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण लोकांच्या तोंडचा टेम्पो गेला नाही.

त्याच २००५ साली टाटा मोटर्सनं 'एस' बाजारात आणली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूनं ती पुण्यात घडवली. सुमारे ७०० सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत. तिच्या तयारीच्या काळात या मंडळींनी तीनचाकी चालवणाऱ्यांना भेटून त्यांना काय हवं ते विचारलं होतं. चार चाकांची गाडी दारात असली की लग्नाला स्थळं चांगली येतात, असं एकानं सांगितल्याची आठवण नेहमी सांगितली जाते. खरं-खोटं ते दोघं जाणोत, पण आमच्या भागात हे कुणालाही पटेल. लोकांनी तिला "छोटा हाथी" हे नाव दिलं आणि काही वर्षांतच ती लाखांनी विकली गेली.

महिंद्राची वाट वेगळी. १९४५ साली सुरू झालेल्या या कंपनीनं १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. २००० साली आलेली बोलेरो त्याच जीपच्या घराण्यातली, आणि बोलेरो पिकअप ही तिची मालवाहू बहीण. पुढे २०११ मध्ये अशोक लेलँडची 'दोस्त' आली, २०१६ मध्ये मारुतीची 'सुपर कॅरी', २०१७ मध्ये टाटाची 'योद्धा' आणि २०१९ मध्ये 'इंट्रा'. दादाच्या तोंडी हीच नावं होती.

चार कंपन्या, चार वह्या

दर महिन्याच्या एक तारखेला या कंपन्या मागच्या महिन्याच्या विक्रीचं पत्रक काढतात. मी ती सगळी उतरवून घेतली, एक्सेल उघडलं आणि पहिल्याच तासात अडकलो. कारण प्रत्येकाची वही वेगळी.

महिंद्रा लहान मालवाहू गाड्या दोन ओळींत दाखवते: दोन टनांच्या आतल्या, आणि दोन ते साडेतीन टनांच्या. बोलेरो पिकअप या दुसऱ्या ओळीत येते. तेव्हाच्या बहुतेक महिन्यांत ही ओळ पंधरा ते वीस हजारांच्या आसपास दिसत होती, म्हणजे वर्षाला साधारण दोन लाख.

टाटा मोटर्स छोट्या मालवाहू गाड्या आणि पिकअप यांची मिळून एकच ओळ देते. त्यात छोटा हाथीही आला, इंट्राही आली आणि योद्धाही. त्यातल्या पिकअप किती, हे त्या ओळीवरून कळत नाही.

अशोक लेलँड हलक्या गाड्यांचा एकच आकडा देते. त्यात दोस्त आणि बडा दोस्त तर असतातच, पण त्याहून मोठ्या गाड्याही असतात.

मारुतीचं सगळ्यात सोपं. तिच्याकडे या प्रकारात सुपर कॅरी ही एकच गाडी, म्हणून ओळही एकच. पण तिची क्षमता साधारण पाऊण टनाच्या आसपास. म्हणजे तिची खरी स्पर्धा छोट्या हाथीशी. दीड टन नेणाऱ्या पिकअपशी तिची तुलना करणं म्हणजे बकरी आणि म्हैस यांचं दूध एकाच मापानं मोजणं.

यात आणखी एक घोळ. दोन टन, साडेतीन टन हे जे आकडे असतात ते गाडीत किती माल भरता येतो त्याचे नसतात. ते गाडी, माल, ड्रायव्हर, डिझेल सगळं धरून जास्तीत जास्त वजनाचे असतात. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हंजे दोन टनाची गाडी दोन टन नेत नाही?" नेत नाही. समजा एका गाडीचं कागदावरचं एकूण वजन २,९९० किलो आहे आणि रिकामी गाडी १,७०० किलोची, तर उरले १,२९० किलो. तेवढाच माल कायद्यानं भरता येतो.

सात वर्षांपूर्वीचं ते कात्रण आता मला कळलं. ते खोटं नव्हतं. त्या कंपनीच्या सगळ्या प्रकारच्या छोट्या गाड्यांची बेरीज त्या महिन्यात जास्त झाली होती. दादानं घेतलेलं मॉडेल त्या बेरजेचा एक लहानसा तुकडा होतं, आणि आमच्या भागात तर त्याहून लहान.

हा खेळ फक्त आपल्याकडे चालतो असं नाही. आपल्यातले जे अमेरिकेत आहेत त्यांना फोर्डची जाहिरात पाठ असेल: १९७७ पासून सगळ्यात जास्त विकला जाणारा पिकअप म्हणजे एफ-सिरीज. ते खरंच आहे. पण जनरल मोटर्स जवळपास तोच ट्रक शेवरले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा अशा दोन नावांनी विकते. २०२३ साली एफ-सिरीज साडेसात लाखांच्या आसपास गेली. सिल्व्हराडो साडेपाच लाख आणि सिएरा तीन लाखांच्या जरा आत, म्हणजे दोन्ही मिळून फोर्डच्या पुढे. त्यामुळे एकाच वर्षी दोघेही "आम्हीच पहिले" म्हणू शकतात आणि दोघांनाही खोटं ठरवता येत नाही.

विकली म्हणजे नक्की कुणाला?

दुसरा अडथळा "विक्री" या शब्दाचा. कंपनी एक तारखेला जो आकडा देते तो कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचा. ती गाडी डीलरच्या आवारात ऊन खात उभी असली तरी कंपनीच्या लेखी विकली गेली. मार्चअखेर वर्षाचं उद्दिष्ट गाठायचं असतं, म्हणून मार्चचा आकडा फुगतो आणि एप्रिलचा बसतो. त्या महिन्यात शेतकऱ्यानं किती गाड्या घेतल्या, हे त्यावरून कळत नाही.

गिऱ्हाइकानं खरोखर घेतलेल्या गाड्या मोजायच्या तर आरटीओतली नोंदणी बघावी लागते. सरकारच्या 'वाहन' या प्रणालीत ती जमा होते आणि डीलरांची देशव्यापी संघटना 'फाडा' तिच्या आधारे दर महिन्याला आकडे देते. हे आकडे जास्त खरे. पण तिथेही एक गंमत सापडली. २०२१ सालच्या फाडाच्या पत्रकांत टीप असायची की आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, लक्षद्वीप आणि तेलंगण यांचे आकडे यात धरलेले नाहीत, कारण ही राज्यं अजून वाहनच्या नव्या प्रणालीत आलेली नव्हती. म्हणजे त्या काळात देशाच्या किरकोळ विक्रीच्या बातमीत आमच्या बुऱ्हाणपूरची एकही गाडी नव्हती! हे सांगितल्यावर आप्पा, म्हणजे दादाचे वडील, पहिल्यांदा हसले. "महाराष्ट्रवाले म्हणतात तुम्ही एमपीचे, एमपीवाले म्हणतात तुम्ही मराठी. आता गाड्याबी कोनी मोजत नाही."

महिना फार लहान असतो

तिसरी गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. आपले सण इंग्रजी महिन्यांप्रमाणे चालत नाहीत. दिवाळी २०२३ साली नोव्हेंबरच्या मध्यावर होती, २०२४ साली ऑक्टोबरच्या शेवटी आणि २०२५ साली २०-२१ ऑक्टोबरला. दसराही तसाच सरकतो. गाडी घ्यायची ती दसऱ्याला, पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला. पितृपक्षात शोरूमकडे कुणी फिरकत नाही. त्यामुळे "गेल्या ऑक्टोबरपेक्षा इतके टक्के वाढ" ही बातमी कधी कधी फक्त पंचांग सांगत असते.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे एप्रिल २०२०. टाळेबंदीत शोरूमच बंद, म्हणून मारुती, महिंद्रा अशा कंपन्यांनी देशातली विक्री शून्य दाखवली. मग एप्रिल २०२१ ची वाढ किती टक्के? शून्याला कशानं भागणार?

आणि आमच्या पोळ्याच्या वेळी तर नवंच सुरू होतं. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली होती. लोक थांबले होते. पुढे मालवाहू गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून. हिशेब केला तर करासकट दहा लाखांची गाडी सुमारे ७८ हजारांनी स्वस्त. अशा वेळी ऑगस्टचा आकडा बघून "मागणी घटली" आणि ऑक्टोबरचा बघून "मागणी उसळली" म्हणणं, दोन्ही चूक. मागणी तीच होती, ती फक्त दारात उभी राहून मुहूर्ताची वाट बघत होती. दादाला मी पहिला उपयोगी सल्ला दिला तो हाच: थांब, नवरात्राच्या आधी सही करू नकोस.

अमेरिकेत जनरल मोटर्सनं २०१८ सालीच मासिक आकडे देणं बंद करून तिमाही आकडे द्यायला सुरुवात केली. तीस दिवसांत खरा कल आणि तात्पुरते चढउतार वेगळे करता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यात त्यांची सोय असेलही, पण मुद्दा बरोबर आहे.

तीन हजार किलोची रेघ

आता ती गोष्ट, जी कुठल्याच विक्रीच्या तक्त्यात नव्हती आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाची ठरली.

अनेक पिकअपांचं कागदावरचं एकूण वजन २,९९० किलोच्या आसपास असतं. सगळ्या कंपन्यांना नेमका तोच आकडा कसा सुचला, म्हणून शोधलं तर उत्तर कायद्यात निघालं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ नुसार, एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलात की परमिट आलं. विमा, फिटनेस, पीयूसी हे बाकीचे कागद दोन्हीकडे लागतातच.

ज्याची गाडी एकाच जिल्ह्यात फिरते त्याला याचं फार वाटणार नाही. पण आमचा धंदा सीमेवरचा. सकाळी एमपी-६८ च्या पाटीची गाडी बुऱ्हाणपुरात आणि दुपारी एमएच-१९ च्या मुलखात. परमिटाची एक कटकट कमी होणं म्हणजे दर फेरीचा जीवाचा घोर कमी होणं. दादाच्या डोक्यात दोन टन भरणारी सगळ्यात मोठी पिकअप होती, कारण शेजारच्यानं ती घेतली होती. त्या गाडीचं एकूण वजन ३,००० च्या वर. मी त्याला एकच विचारलं: "महिन्यातून किती दिवस तू गाडी खरोखर पूर्ण भरतोस, आणि किती दिवस रावेरकडे जातोस?"

दादानं मागच्या महिन्याच्या फेऱ्या बोटांवर मोजल्या. मग म्हणाला, "हे तुझ्या कंपूटरात नव्हतं?" नव्हतं. हे त्याच्याच वहीत होतं.

मग विक्रीचे आकडे बघायचेच नाहीत का?

बघायचे. पण कशासाठी ते ठरवून. जी गाडी आपल्या भागात खूप विकली जाते तिचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात, तिचं काम कुठल्याही मेकॅनिकला येतं आणि पाच वर्षांनी विकताना गिऱ्हाईक मिळतं. दादाचे ते बारा दिवस आठवा. "सगळे घेतात तेच घेऊ" यात शहाणपण आहे, फक्त "सगळे" म्हणजे कोण हे नीट ठरवावं लागतं.

मी आणि दादानं मिळून जे केलं ते थोडक्यात असं:

१. कंपन्यांची पत्रकं बाजूला ठेवली आणि वाहनच्या सार्वजनिक डॅशबोर्डवर आपल्या आरटीओची नोंदणी पाहिली. एका महिन्याचे आकडे जिल्ह्यात इतके लहान असतात की दोन-चार गाड्यांनी क्रम बदलतो, म्हणून पूर्ण वर्ष धरलं. तिथे कंपनी कळते, मॉडेल कळत नाही, आणि हलक्या मालवाहू गाड्यांत साडेसात टनांपर्यंतच्या सगळ्या येतात, हेही लक्षात ठेवलं.

२. मॉडेल कळावं म्हणून एका सकाळी केळीच्या गाड्या येतात त्या रस्त्यावर चहा घेत अर्धा तास बसलो. सोबत दादाची मुलगी होती, तिनं वहीत रेघा मारल्या. सगळा देश मोजण्यापेक्षा हा अर्धा तास आम्हाला जास्त शिकवून गेला.

३. ज्या दोन गाड्या उरल्या त्यांच्यासाठी बुऱ्हाणपुरातल्या दोन मेकॅनिकांना एकच प्रश्न विचारला: "कुठला भाग सगळ्यात आधी जातो, आणि तो इथं मिळतो का?" शोरूममध्ये हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

४. पाच वर्षं जुन्या त्याच गाडीची किंमत विचारली. नवी कितीला मिळते त्यापेक्षा जुनी कितीला जाते, हा आकडा जास्त प्रामाणिक असतो.

५. हप्ता केळीच्या चांगल्या महिन्यावर न बसवता वाईट महिन्यावर बसवला. वादळात बाग आडवी झाली किंवा भाव पडला तरी भरता येईल इतकाच.

दसऱ्याच्या आधी दादाचा व्हिडिओ कॉल आला. गाडीला झेंडूचा हार, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि बाजूला काकू आरतीचं ताट घेऊन. कुठल्या कंपनीची घेतली ते मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर उद्यापासून मलाच डीलर समजून फोन यायचे. शिवाय दापोऱ्याच्या दादासाठी जी बरोबर ती नाशिकच्या कांदेवाल्यासाठी किंवा सांगलीच्या द्राक्षवाल्यासाठी बरोबर असेलच असं नाही. इतकंच सांगतो की ती ३,००० किलोच्या आतली आहे, आणि तिचा क्लच, ब्रेक, बेअरिंग बुऱ्हाणपुरात चालत जाऊन आणता येतात.

कॉल संपवताना मी काकूला विचारलं, गाडी आवडली का. तिनं हात वर करून दाखवला. पाटल्या हातात होत्या.